पोस्टातून सोडवून आणलेलं

दुपारचे तीन. चंद्रपूरजवळच्या मूल गावचं पोस्ट, आणि समोर रशीदभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बाकावर आम्ही नेहमीचे चार-पाच जण.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. दुकानात सकाळ, दुपार, संध्याकाळ एकदमच नांदत. डोळे मिटले की ती टिकटिक सागाच्या वाळल्या पानांतून कोणी हळूच चालत गेल्यासारखी वाटे.

राईस मिलच्या मागे तूस साचतं, तसे किस्से साचतात. मुद्दाम कोणी रचत नाही; एक दिवस बघावं तर डोंगर! आमचा डोंगर व्हीपी पार्सलांचा. जाहिरात पाहून कार्ड टाकायचं, पार्सल पोस्टात आलं की पैसे भरून न्यायचं. पण आधी पैसे, मग उघडणं! ग्राहकाला कायद्यानं हक्क दिले, आणि खोक्यात डोकावायचा तेवढा नाही! यावर मी पेपरात इतकं लिहिलं की संपादकांनी कळवलं, "आता वाघाबद्दल काही पाठवा."

वाघावरून आठवलं. आमच्या बाकावरच्या नामदेवभाऊंचं शेत जंगलाला लागून. त्यांनी दुर्बीण मागवली. खोक्यात निघाली एकाच डोळ्याची नळी आणि चिठ्ठी : 'दुसरा डोळा वेगळ्या व्हीपीने येईल.'

मी तिथल्या तिथे बातमी लिहायला बसलो. नामदेवभाऊ एक डोळा मिटून रस्त्याकडे बघत म्हणाले, "राहू द्या न भाऊ! वाघ अर्धाच दिसन, तं भेव बी अर्धंच लागन!"

आमच्याकडे व्हीपी 'आणत' नाहीत, 'सोडवतात'. ही नळी आणायला नामदेवभाऊ निघाले, तेव्हा त्यांच्या सासूबाई कोरपन्याहून आलेल्या होत्या. "पोस्टात जाऊन सोडवून आणतो," एवढंच त्यांच्या कानावर पडलं. जावयाच्या मागोमाग भाकर बांधून त्या पोस्टात हजर!

"काऊन धरून ठेवलं जी त्याले? सकाळपासून काही खाल्लं का नाई त्यानं?"

पोस्टमास्तर म्हणाले, "बाई, पार्सल आहे ते."

"नाव काई बी असो, भूक तं लागनच न!"

या पोस्टमास्तरांशी मी एकदा चांगलाच भांडलो. म्हटलं, "बाजारात चिंच विकणारी बाईसुद्धा आधी चाखायला देते. तुम्ही खोकं उघडून का दाखवत नाही?"

"तिले वरून सर्क्युलर येत नाई न, भाऊ!"

रशीदभाईंच्या पत्नी हमीदाबी दुकानामागच्या खोलीत असत. मधे पडदा, तिथून भिंत दिसत नसे. पण टिकटिक ऐकूनच त्या आतून ओरडत, "कोनेवाली लंगडा रही है!" रशीदभाई बघत, तर कोपऱ्यातलं घड्याळ खरंच मागे पडलेलं!

मग हमीदाबींचे कान गेले. पडद्यामागचा आवाज थांबला.

रशीदभाईंनी जाहिरात पाहून कानाची मशीन मागवली, सोडवली, स्वतःच्या हातानं त्यांच्या कानात बसवली. हमीदाबी हसल्या. "हां, सुनाई देता है!" आम्ही टाळ्या पिटल्या.

"चाय पिओगी?" रशीदभाईंनी विचारलं.

"हां, सुनाई देता है!"

त्या झोपल्यावर रशीदभाईंनी आपल्या चिमट्यानं मशीन उघडली. आत काहीच नाही. ना तार, ना सेलची जागा. नुसती पोकळ डबी! त्यांनी ती पुन्हा बंद केली. मला म्हणाले, "तिले सांगू नका भाऊ. खुश होऊन राह्यली."

मी कुठला गप्प बसतो! चंद्रपूरच्या ग्राहक मंचासाठी तक्रार लिहिली, कंपनीला पार सोलून काढलं. "सही करा. डबी पुरावा म्हणून जोडू."

"म्हणजे तिच्या कानातून काढा लागन?"

"लागेल."

रशीदभाई कितीतरी दिवस टाळत राहिले. शेवटी एका दुपारी, हवेत मोहाचा वास दाटलेला असताना, त्यांनी पेन मागितलं. अर्ज काचेच्या काउंटरवर ठेवला. टोपण काढलं.

पडद्यामागून आवाज आला, "कोनेवाली लंगडा रही है!"

रशीदभाईंनी पेन खाली ठेवलं. स्टुलावर चढून कोपऱ्यातलं घड्याळ उतरवलं, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं.

तक्रार बिनसहीची राहिली. पोकळ डबी कशी विकली, हे कंपनीला कोणी विचारलंच नाही.

आणि घड्याळ खरंच मागे होतं.