साडूंचा व्हिस्टा आणि माझा

आमच्या घरातला कंप्युटर मी एकट्यानं, कुणाचीही मदत न घेता बिघडवला.

आम्ही राहनाळला राहतो. गोदामाच्या भाडेपावत्या छापायला म्हणून मी तो घेतला होता. त्यात मशीन चालवणारं एक्सपी होतं. चालू केला की निळं आभाळ आणि हिरवी टेकडी दिसायची, पावत्या छापल्या जायच्या, आणि माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती मानकोलीला, साडूंच्या घरच्या सत्यनारायणाला.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, जनार्दनशेठ. आरती झाल्यावर त्यांनी पाहुण्यांना आतल्या खोलीत नेलं. तिथं नवाकोरा कंप्युटर, आणि त्यात नुकताच निघालेला व्हिस्टा, एक्सपीचा पुढचा अवतार. खिडक्या काचेच्या, एकीतून मागची दुसरी दिसणारी. कडेला गोल घड्याळ, त्याचा काटा खराखुरा फिरणारा. लोक प्रसादाचा शिरा हातातच विसरून बघत राहिले (मी खाल्ला, पण चव लागली नाही).  घरी आल्यावर चपला काढता काढता बायको म्हणाली, "आपला फारच जुना दिसतो ना हो?"

दुसऱ्याच दिवशी मी धामणकर नाका गाठला. तिथं सलीमभाईंचं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मला व्हिस्टा हवाय म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या मशीनची चौकशी केली आणि मग डॉक्टरच्या आवाजात म्हणाले, "पाटील, आपकी मशीन में उतना दम नहीं है. हाँ, शकल बदल सकते हैं." त्यांनी एक सीडी दिली. तिच्यात एक्सपीला व्हिस्टाचं रूप देणारी बरीच सामग्री होती. एकेक करून टाका, मध्ये मध्ये मशीन बघत चला, असं त्यांनी बजावलं. मी घरी येऊन सगळी एकदम टाकली.

आणि काय सांगू, कंप्युटर नवरदेवासारखा दिसायला लागला! काचेच्या खिडक्या आल्या, घड्याळ आलं, खालची पट्टी काळीभोर चकचकीत झाली. आई आतून हळदकुंकू आणि नारळ घेऊन आली. चार वर्षांपूर्वी तिनंच याची पूजा केली होती. मी म्हटलं, आई, तोच आहे गं. ती म्हणाली, "तोच कसा असंल? त्याचा तोंड बग की." संध्याकाळपर्यंत पाटलांनी नवीन कंप्युटर आणल्याची बातमी आळीभर झाली. दोघे जण पेढे मागून गेले. बायकोनं बहिणीला फोन करून रविवारी जेवायलाच बोलावलं.

रविवारी शेठ आले आणि जेवायच्या आधीच खुर्चीत बसले. एक खिडकी त्यांनी माऊसनं धरून ओढली. मशीनचा दम तिथंच संपला. खिडकी जिथून जिथून सरकली तिथं तिथं आपली एक छबी सोडत गेली, आणि सगळा पडदा खिडक्यांनी भरला. मी खाली मान घालून फरशीकडे बघायला लागलो. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "बगा शेठ, एकीच्या किती झाल्या. तुमच्याकडं व्हतात का अशा?"

शेठनी प्रामाणिकपणे नाही म्हटलं. बायकोचा चेहरा असा काही उजळला की त्या क्षणी मी वीज बंद करून पानं वाढायला सांगायला हवं होतं. पण मला सुरुवातीचा नवा देखावाही दाखवायचा होता. (माणसानं कुठं थांबावं हे मला जेवतानाही कळत नाही.) मी कंप्युटर बंद करून पुन्हा चालू केला. सुंदर निळाहिरवा पडदा आला. त्यावर ना माझं नाव, ना आत शिरायचं बटण. दार नसलेल्या बंगल्यासमोर उभं राहावं तसा माऊसचा बाण नुसता फिरत राहिला. मी पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. तोच पडदा.

 मग आईनं हळूच विचारलं, "तुझा बाबा आतच हाय ना?"

 धाकट्या भावाच्या हळदीत बाबा खांद्यावर टॉवेल टाकून नाचले होते, त्याचं शूटिंग त्या कंप्युटरमध्ये होतं आणि दुसरीकडे कुठंच नव्हतं. बाबा गेल्यापासून रोज दुपारी जेवण झालं की आई त्या खुर्चीत बसायची आणि बायको तिला ते लावून द्यायची. मी "हाय" म्हटलं, पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

शेठ हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी जेवणही बाजूला ठेवलं आणि जीप काढली. मी वायरी सोडवल्या. आईनं कंप्युटरचा डबा आपल्या शालीत गुंडाळला, मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसली आणि प्रत्येक खड्ड्याला त्याच्यावर हात ठेवत राहिली.

 सलीमभाईंनी काय काय बटणं दाबली, आपल्या जवळच्या सीडीवरून काहीबाही परत टाकलं. बऱ्याच वेळानं निळं आभाळ आलं, हिरवी टेकडी आली. सगळा साज उतरला होता. मी शूटिंग लावलं. बाबा टॉवेल फिरवत आले आणि दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा मागं वळून बघायला लागली. आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "किती वाकडा नाचतो, बग."

निघताना शेठ सलीमभाईंच्या कानाशी लागले. आवाज खाली होता, पण दुकानच एवढंसं. त्यांना त्या व्हिस्टात काही सापडत नव्हतं. त्याला जुन्या एक्सपीचं रूप देता येईल का, असं ते विचारत होते.

सलीमभाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"शेठ, आप दोनों आपस में मशीन ही बदल लो ना."

 खरं सांगतो, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आल्यावरही आम्ही ते केलं नाही, कारण घरी जाऊन बायकांना काय सांगायचं, हे सलीमभाईंनाही सांगता येईना.