अण्णांनी जपून जपून गंजवलेली जीप

ग्रुपवरच्या जुन्या जीपवाल्यांनो, आज माझं डोकंच चालंना झालंय, म्हणून लिहितोय.

सकाळी वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना घेऊन जीप गॅरेजला नेली. ब्रेकवर पाय दिला की खालचा पत्रा करकरायचा. वाटलं, एखादा तुकडा जोडला की काम झालं.

मिस्त्रीनं रबरी मॅट उचलली आणि खालची जमीनच दिसली. उरलेला पत्रा बिस्किटासारखा त्याच्या हातात आला.

"पावणं, वेल्डिंग मारू कशाला? धरायला चांगला पत्रा तर पायजे की! गाडी गगनबावड्याच्या पावसात असती काय?"

कसला गगनबावडा! गाडी कोल्हापुरातच, शेडमध्ये असते. पण अण्णा दर अमावस्येला ती आतनं-बाहेरनं पाइपनं धुतात, नारळ फोडतात आणि ओल्या पत्र्यावरच मॅट अंथरतात. मी शाळेत होतो तेव्हापासून हेच चाललंय.

अण्णा बाजूला स्टुलावर बसलेले. म्हणाले, "एवढी जपली, तरी कशी गंजली रं?"

मिस्त्री माझ्याकडं बघाय लागला. मी मॅटकडं. जीप तशीच घरी आणली.

आणि नेमकी आज अमावस्या! संध्याकाळी अण्णांनी पाइप जोडला आणि हाक मारली, "नळ सोड रं!"

सोडला. काय करणार? पाणी भोकांतनं सरळ अंगणात पडाय लागलं.

अण्णा खूश. "बघ, आता पाणी साचत न्हाय!"

मंडळी, तुमच्यात कुणाची छाती असंल तर या आणि सांगा त्यांना. माझी न्हाय.