सुमनमावशींचा जुलैतला उन्हाळा

आजारी माणसाला घरात जपून ठेवणं म्हणजेच त्याची काळजी घेणं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मला तर हा सभ्य लोकांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला नियम वाटतो. माणूस डोळ्यांआड गेला की आपल्यालाच हायसं वाटतं. हा नियम मोडणारी एक बाई मी पाहिली आहे.

सुमनमावशी वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआत राहतात आणि मी त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहते, मोहिमांची पत्रकं लिहिते. वेलिंग्टनच्या हॉस्पिटलात नर्सचं काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांच्याच वॉर्डातल्या एलेनी नावाच्या मैत्रिणीचं माहेर ग्रीसमधल्या एका डोंगरी गावात आहे. निवृत्त झाल्यापासून मावशी आणि त्यांचे यजमान अरविंदकाका दर जूनमध्ये, इकडे हिवाळा सुरू होऊन हीटर लागले की, तिच्याबरोबर त्या गावी जायचे आणि तिकडचा उन्हाळा उपभोगून परत यायचे. "लोक तिथे बेटं बघायला जातात, आम्ही माणसं बघायला जातो," असं मावशी म्हणत.

पहिल्याच वर्षी शेजारच्या स्टाव्रुलाने ताटलीभर अंजिरं पाठवली. ताटली रिकामी परत कशी करायची, म्हणून मावशींनी तीत शंकरपाळे घातले. पण रिकामं भांडं न पाठवण्याची रीत त्या गावातही होती. मग भरल्या मिरच्या आल्या, त्यावर नारळाच्या वड्या गेल्या, त्यावर मधात भिजलेली भजी आली. माघार कोणीच घेईना. ताटली अख्ख्या गल्लीच्या चेष्टेचा विषय झाली. शेवटी काका म्हणाले, "सुमन, ती ताटली तरी फोड, नाहीतर आम्ही तरी फुटू!"

काका असेच बोलके. मंडळाच्या गणपतीत माइक एकदा त्यांच्या हातात गेला की आरतीपर्यंत सुटत नसे. ग्रीक मात्र त्यांना 'कालिमेरा' या नमस्कारापलीकडे आली नाही. तरी रोज संध्याकाळी गावच्या चौकात, चिनाराखाली, यानिस नावाच्या म्हाताऱ्या बसड्रायव्हरसमोर फाशांचा पट मांडून ते बसत. हे मराठीत बोलत, तो ग्रीकमध्ये. एकाचं दुसऱ्याला अक्षर कळत नसे आणि खेळ कधी अडत नसे.

मग काकांना स्ट्रोक झाला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण तोंडात उरले दोनच शब्द, 'हो' आणि 'छे'. लोक डबे घेऊन आले, प्रेमानेच आले, पण बोलत त्यांच्या डोक्यावरून.

"मावशी, काकांना चहा चालतो का?"

"त्यांनाच विचार ना. वाचा गेलीय, कान नाही गेले."

विचारणारा ओशाळून हसे आणि पुढच्या वेळी फोनवरच चौकशी करी. हळूहळू काकाच दाराची बेल वाजली की उठून आतल्या खोलीत जाऊ लागले. माइक न सोडणारा माणूस पडदा ओढून बसू लागला.

पुढच्या जूनसाठी मावशींनी तिकिटं काढली, तेव्हा निखिल, त्यांचा मुलगा, दूरच्या मनुरेवाहून तडक आला.

"आई, आर यू सीरियस? तिकडे काही झालं तर?"

"हॉस्पिटल तासाभरावर आहे, डॉक्टरांनी विमानाला हो म्हटलंय, औषधं माझ्या पर्समध्ये आहेत. तुझी भीती तेवढी इथे ठेवून घे."

"पण बाबांना जायचंय का?"

प्रश्न रास्त होता. मावशी खोलीच्या दारात गेल्या. "जायचं?"

"छे."

"ऐकलं मी. आता तुम्ही माझं ऐका. आठवडाभर बघू. नाही रमलात तर आपण परत येऊ, पुन्हा नाव काढणार नाही."

काका भिंतीकडे बघत राहिले. दुसरं 'छे' आलं नाही. सोबत कोणीतरी हवंच, एवढ्या अटीवर निखिल नमला आणि ते कोणीतरी मी ठरले. मला मावशींनी विमानातच सांगून टाकलं, "तुझी पत्रकं वाचते मी. मुद्दे सगळे बरोबर असतात, पण त्यांत कुणी कधी जेवत का नाही गं?"

गावात पोचल्यावर काका एलेनीच्या अंगणाबाहेर पडेनात. गल्लीत खुर्च्या मांडल्या जात, बायका शेंगा सोलत हाका मारत, आणि काका पाठ करून बसत. आठवडा संपत आला तसा मावशींचा उत्साह ओसरत गेला. शेवटच्या संध्याकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "एक कॉफी पिऊ. मग सामान आवरते."

सामानाचं नाव ऐकून काका उठले. चौकात आम्ही टेकलो आणि समोरून यानिस आला. काकांनी मान खाली घातली. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. यानिसने तब्येत विचारली नाही. पट उघडला, सोंगट्या लावल्या. मांडीवर पडलेला काकांचा उजवा हात त्याने पाहिला आणि फासे उचलून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले.

काकांनी फासे टाकले, सोंगटी सरकवली. यानिसने टेबलावर थाप मारली आणि ओरडायलाच लागला. चाल चुकली होती म्हणे.

"छे!" काका म्हणाले.

यानिस आणखी चढ्या आवाजात ओरडला.

"छे! छे!" काकांचा चेहरा लाल झाला. आजूबाजूचे म्हातारे खुर्च्या ओढून आले, दोन तट पडले. मी मध्ये पडायला उठले, तर मावशींनी मला खाली ओढलं.

"बस! वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशी भांडतंय."

तेव्हा मला उमगलं. त्या चौकात काकांचा शब्द कुणालाच कधी कळला नव्हता, त्यामुळे तिथे त्यांचं काहीच गेलं नव्हतं. गेलं होतं ते आमच्यात, त्यांच्या भाषेच्या माणसांत. तो डाव काका हरले आणि डाव्या हाताने पुन्हा सोंगट्या मांडू लागले. आम्ही सगळा उन्हाळा राहिलो.

परत आल्यापासून पाहुण्यांतलं कोणी मावशींना विचारू लागलं, "काकांना साखर चालते का?" की काका टेबलावर मूठ आपटतात, "छे!" आणि साखर स्वतः घालून घेतात. मावशी नुसत्या हसतात, मदत करत नाहीत.

तुमच्याही ओळखीत असं कोणीतरी पडद्याआड बसलेलं आहे. या रविवारी त्यांच्याकडे जा. तब्येत विचारू नका. पत्ते वाटा, आणि त्यांनी चुकीचं पान टाकलं तर बिनधास्त भांडा.