वहीतलं पहिलं नाव

मोठ्या बाबांची नात नागपुरात कॉम्प्युटरवर काम करते. मागे एकदा तिच्या ऑफिसची ईमेल अडकली, तेव्हा ती पडद्यावर काहीतरी शोधत बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "आत्या, ज्याची मेल आहे त्याच्या नावापुढे लिहिलेलं असते, कोणत्या मशीननं ती घ्यायची. प्रत्येक मशीनपुढे आकडा, लहान आकडा पहिला. त्यानं नाही घेतली तर पुढचा." मला हसू आवरेना. एवढं इंजिनिअरिंग शिकून ही पोरगी आमच्या पोस्टमास्तरांच्या वहीपाशीच येऊन थांबली होती!

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीची. आमची ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची टोली तळ्याच्या पाळीपलीकडे, तिथवर पोस्टमन येत नसे. पत्रं पोस्टाच्या गावी थांबायची आणि बाजाराच्या दिवशी कोणीतरी ती आणायचं. कोणाचं पत्र कोणाच्या हाती द्यायचं, हे पोस्टमास्तर वहीत लिहून ठेवायचे. पहिलं नाव, आणि तो माणूस नाही आला तर दुसरं.

वहीत आमच्या घरच्या ओळीत पहिलं नाव मोठ्या बाबांचं होतं. मग एकदा ते न विचारता आमचा डोंगा घेऊन गेले आणि खडकावर फोडून आणला. दोघा भावांचं बोलणं बंद झालं. बाजारसुद्धा वाटले गेले. आमची मासळी अड्याळला, त्यांची पोस्टाच्या गावी.

त्याच वर्षी मी मॅट्रिक झाले, टोलीतली पहिली पोरगी. अक्षर चांगलं म्हणून पोस्टमास्तरांनी टोलीची नवी वही उतरवायला मला बोलावलं. आमच्या ओळीपाशी मी क्षणभरही थांबले नाही. मोठ्या बाबांचं नाव गाळलं आणि भातगिरणीच्या मुनीमजींचं लिहिलं. त्यांच्याकडे सायकल होती, मनगटावर घड्याळ होतं. दुसरं नाव लिहायची गरजच वाटली नाही. चार बुकं शिकल्यावर माणसाला शिंगं फुटतात, तशी मलाही फुटली होती. मोठ्या बाबांची ओळ तेवढी पोस्टमास्तरांनी स्वतःकडे ठेवली. "त्याइले विचारून लिहितो," म्हणाले.

जूनमध्ये मी भंडाऱ्याच्या मास्तरकीच्या कॉलेजच्या पत्राची वाट पाहू लागले. ते आलं नाही तर पुढच्या मोसमात लग्न, हे घरात ठरलेलं होतं. मुनीमजी पत्र आणतील म्हणून मी निर्धास्त होते.

एका बाजाराच्या दिवशी भर दुपारी अंगणात मोठे बाबा उभे. वर्षभरात पहिल्यांदा. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. विकायची मासळी तशीच शेजारणीवर सोपवून ते चालत आले होते.

"तुही चिठ्ठी आठ दिवसांपासून पोस्टात पडून हाय. मुनीम सासरी गेला म्हणते. मी मागितली, तं माहं नाव नाही वहीत. तूच जाय, आत्ताच."

नाव काहून नाही, हे त्यांनी विचारलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं पळत सुटले. पत्र हाती पडलं, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी कागद घेऊन हजर व्हायचं होतं. पोस्टमास्तरांनी वही पुढे सरकवली.

"हे पाह्य बाई, तुह्याच हातचं हाय. मी त्याइले कसं देऊ?"

आमच्या ओळीच्या वरच मोठ्या बाबांची ओळ होती, पोस्टमास्तरांच्या अक्षरात. पहिलं नाव माझ्या बापाचं.

"मी म्हटलं होतं," पोस्टमास्तर म्हणाले, "तुमचं भांडण सुरू हाय, काढू का हे नाव? तं म्हणे, भांडण डोंग्याचं हाय, चिठ्ठीचं कायले?"

मी तिथेच उभ्याउभ्या रडले. मग टाक मागून घेतला आणि मुनीमजींच्या वर जेमतेम जागा होती, तिथे मोठ्या बाबांचं नाव लिहिलं.

सकाळची पहिली बस मिळाली आणि कॉलेजही मिळालं. वसतिगृहातून मी दर आठवड्याला घरी पत्र टाकायचे, लिहिण्यासारखं काही नसलं तरी. प्रत्येक पत्र मोठ्या बाबांच्या हाती पडायचं, आणि ते द्यायला त्यांना आमच्या अंगणात यावं लागायचं. वाचता त्यांनाही येत नव्हतं आणि माझ्या बापालाही. मग वाचणाऱ्याला बोलावणं जाई, आणि तो येईपर्यंत दोघं भाऊ एकाच बाजेवर बसून राहत.