खालची ओळ खरी

माझी शाळा तिसरीत सुटली. तरी आमच्या गावाच्या पाण्याची फाइल मी स्वतःच्या हातानं लिहीत आलोय, आणि ती कुणाच्या बापाला बदलू दिली न्हाय. हे आधीच सांगून टाकतो. पुढं कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला काय कळतंय.

गाव आमचं लोहाऱ्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. एकेका गल्लीला पाणी चौथ्या दिवशी येतं, आणि ते सोडायचं काम माझ्याकडं. टाकीखालच्या खोलीत भिंतीला एक पेटी आहे, तिच्यात छोटा कॉम्प्युटर. गल्ल्यांचे व्हॉल्व्ह मोटारीवर उघडतात. कुठली गल्ली कधी उघडायची, कधी मिटायची, हे एका फायलीत लिहिलेलं असतं. पेटी चालू झाली की पहिल्यांदा ती फाइल वाचते. एका ओळीत गल्लीचा नंबर, पाळीचा दिवस आणि दोन वेळा, बास. इंग्रजी आकडे मला येत होते. अक्षरं एसटीच्या पाट्यांवरून येत होती. चार दिवसांत मी फाइल लिहायला शिकलो.

त्या फायलीची एक गोष्ट मला लई आवडायची. एकाच गल्लीच्या दोन ओळी असल्या तर पेटी खालची खरी मानायची. आमच्याकडं कुणाची माती झाली की माणसं मसणवट्यातून परत येऊन अंघोळी करतात, मग पाळी असो नसो, त्या गल्लीला पाणी पहिलं. ही गावाची रीत. मग मी वरच्या ओळींना हात लावायचा न्हाय. सगळ्यात खाली एक ओळ घालायची, पेटी बंद करून चालू करायची. दुसऱ्या दिवशी ती ओळ पुसायची, फाइल पुन्हा पहिल्यासारखी. किती घरांची दुःखं त्या खालच्या ओळीवरून गेली, मोजली न्हाईत.

मग कंपनीची इंजिनिअर बाई आली. पोरगी हुशार, बोलायला गोड. पेटीत नवी सिस्टिम टाकली आणि म्हणाली, "काका, आता जुनी फाइल चालणार नाही. फॉरमॅट बदललाय. मी तुमच्या सगळ्या ओळी नव्यात घालून दिल्यात."

नव्या फायलीत कंसच कंस. कंसाच्या पोटात कंस, ओळी आत सरकवलेल्या. मी मान डोलावली. तिनं विचारलं, "समजलं ना?" मी म्हणालो, "समजलं." समजलं नव्हतं. पण पोरीपुढं न्हाय कसं म्हणायचं? ही चूक माझीच, कबूल करतो.

पंधरा दिवसांनी पाचव्या गल्लीतली एक म्हातारी गेली. मी वरच्या कंसांची नक्कल करून नेहमीसारखी सगळ्यात खाली पाचव्या गल्लीची ओळ घातली, पेटी चालू केली आणि मातीला गेलो. परत आलो तर गल्लीतले नळ कोरडे. माणसं ओल्या मातीच्या पायांनी उभी. नंतर कळलं, नव्या पेटीनं वरची ओळ धरली, खालची गुमान टाकून दिली. ना लाल दिवा, ना आवाज. मोटारीच्या व्हॉल्व्हला हातानं फिरवायला चाकबी न्हाय. शेवटी शेजारच्या बोअरवरून बायांनी घागरी आणल्या.

म्हातारीचा लेक माझ्यापुढं आला. ओरडला न्हाय. हळूच म्हणाला, "काका, आमच्या आईचं तुमच्याशी काही वाकडं होतं व्हय?"

मी त्याला कंस सांगू का फॉरमॅट सांगू? सरळ खोलीवर गेलो आणि इंजिनिअर बाईला फोन लावला.

ती आठवड्यानं आली. मी तिला काय झालं ते सांगितलं. तिला वाईट वाटलं, खोटं सांगत न्हाय. पण म्हणाली, "काका, नव्या फॉरमॅटमध्ये त्यासाठी वेगळी जागा आहे. तिथं तारीख लिहायची, गल्ली लिहायची, वेळ लिहायची, कंस मिटवायचा."

"आणि एक कंस ऱ्हायला तर?"

"मग फाइल वाचली जाणार नाही."

"म्हंजी सगळं गाव कोरडं."

ती "हो" म्हणाली. मी म्हणालो, "जुनीत एक ओळ चुकली तर तेवढीच ओळ जायची ताई, बाकीचं गाव पाणी प्यायचं. माती करून माणसं दारात उभी असताना म्या कंस मोजत बसू व्हय? आन उद्या म्या न्हाय, माझ्या जाग्यावर दुसरा कुणी आला, तर त्याला खाली एक ओळ लिहिता ईल. ह्ये न्हाय यायचं. जुनी फाइल वाचायला लावा पेटीला."

"अहो, दोन्ही वाचायचं म्हणजे सिस्टिममध्ये दोन दोन कोड सांभाळावे लागतात. कंपनी म्हणते एकच ठेवा."

"आमच्या गावात निम्मी घरं कानडी बोलत्यात, निम्मी मराठी. आमी दोन्ही सांभाळतो. तुमच्या एवढ्या शाण्या पेटीला दोन जड जात्यात?"

ती हसली. ग्रामसेवक बाजूला बसला होता, तो म्हणाला, "काका, जग पुढं चाललंय, शिका की आता थोडं."

"म्या शिकलो साहेब, तिसरीच्या पुंजीवर शिकलो," मी म्हणालो. "आता पेटीनं शिकावं. पुढं जायचं तर मागच्याला घिऊन जा."

खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. सांगून टाकलं, जुनी फाइल वाचली जाईपर्यंत गावाची एक गल्ली नव्या फायलीवर उघडणार न्हाय, पेटीतली जुनी सिस्टिम परत टाका. ग्रामसेवक चिडला. बाई चिडली न्हाय. तिनं तिथंच बसून जुनी परत टाकली आणि जाताना माझ्या फायलीचा फोटो काढून नेला.

दोन महिन्यांनी आली ती नवी सिस्टिम घेऊनच. जुनी फाइल सापडली तर पेटी आधी ती वाचणार, आणि खालची ओळ खरी धरणार. मी लगेच विश्वास ठेवला न्हाय. तिच्यासमोर पाचव्या गल्लीची ओळ खाली घातली आणि दोघं चालत गल्लीत गेलो. नळाला आधी हवा आली, मग गढूळ, मग पाणी. म्हातारीच्या लेकानं दारातून बघितलं, आत गेला आणि दोन कप चहा घेऊन बाहेर आला.

चहा पिता पिता ती म्हणाली, "काका, एक आहे. पेटी दर वेळी चालू होताना स्क्रीनवर इशारा देणार. हा फॉरमॅट जुना झालाय, लवकर बदला, असा. तेवढं मला काढता आलं नाही."

"देऊ द्या," मी म्हणालो.

आता रोज सकाळी पेटी चालू केली की तांबड्या अक्षरांत तो इशारा येतो. मी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि पाणी सोडतो.