शेठजींच्या परिवारातल्या काकू

“घरचं म्हटलं तर घरचं,” असं म्हणत काकू समोरच्याचा डबा स्वतःकडे ओढत आणि त्यातलं चाखून बघत. आधी विचारणं हा प्रकार त्यांच्यात नव्हता.

सौंसरला संत्र्यांची प्रतवारी करून पेट्या बाहेरगावी पाठवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघी होतो. मी पत्रव्यवहार बघायची, काकू गाड्यांचं बघत. कुठली गाडी कुठे अडली, कोणता ड्रायव्हर फोन उचलत नाही, हे सगळं त्यांच्या जिभेवर असे.

आमच्या शेठजींचं एक आवडतं वाक्य होतं, “आपण सगळे एक परिवार आहोत.” तुमच्याही शेठजींचं असेल. रविवारी कामावर बोलावताना ते यायचं, पगार लांबला की यायचं, रजा नाकारताना तर हमखास. आम्ही मान डोलवून विसरून जात असू. काकूंनी मात्र ते खरं धरलं होतं.

तेव्हा ऑफिसात एकच कूलर होता आणि तो शेठजींच्या खोलीत. मे महिन्यात एका दुपारी काकू डबा घेऊन सरळ आत गेल्या आणि कूलरसमोर खुर्ची ओढून जेवायला बसल्या. शेठजी बघतच राहिले. काकूंनी त्यांना लोणचं दिलं आणि विचारलं, “घरात का कोणी एकटा हवा खाते, शेठजी?” त्याच आठवड्यात कूलर आमच्या हॉलमध्ये आला. शेठजींनी आपल्या खोलीत एसी बसवला, आणि दाराला आतून कडी.

दिवाळीला पूर्वी मिठाईचा डबा मिळायचा. मग शेठजींचा मुलगा पुण्याहून शिकून आला आणि डब्याऐवजी पॉटलक करायचं ठरलं. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. चौकीदाराला वाटलं, जेवण पाटलाकडे आहे. कोणत्या पाटलाकडे, हे तो बराच वेळ विचारत फिरला. शेठजी काय आणणार, हे विचारायचं फक्त काकूंना सुचलं. शेठजी म्हणाले, “मी जागा देतो ना.” जागा म्हणजे आमचंच ऑफिस.

काकूंनी पातेलंभर पाटोडीचा रस्सा आणला. ऐन वेळी शेठजींचे नागपूरचे व्यापारी आले आणि त्यांना आधी बसवलं गेलं. आपण घरचे, आपण मागून बसू, असं शेठजींनी आम्हाला समजावलं. मुलगा फोटो काढत होता. पाहुण्यांना रस्सा फारच आवडला. ते मागत गेले, काकू वाढत गेल्या. शेडमध्ये संत्री निवडणाऱ्या बाया ताटं घेऊन दाराशी उभ्या होत्या, आणि पातेल्याचा तळ दिसू लागला.

काकूंनी डाव खाली ठेवला. आवाज जराही चढवला नाही.

“शेठजी, पाहुणे जेवले, लय बरं झालं. पण घरचे माणसं उपाशी उभे हायेत. आता घरातला कर्ता काय करते, ते सांगा.”

पाहुण्यांमधले एक म्हातारे व्यापारी म्हणाले, बाई बरोबर बोलून राहिल्या. शेठजी हसले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. समोरच्या हॉटेलातून पुऱ्या, भाजी आणि जिलबी आली. बाया पोटभर जेवल्या. त्या वर्षी शेठजींच्या औदार्याची गावभर चर्चा झाली, आणि फोटोत ते स्वतः जिलबी वाढताना दिसतात.

संक्रांत सरली तसं काकूंना कळवण्यात आलं, की गाड्यांचं काम आता पांढुर्ण्याच्या शाखेत कॉम्प्युटरवर होईल, इथे त्यांची गरज नाही. काकू माझ्याकडे वळल्या.

“घरातून कोणाले काढता येते का वं?”

रागाने नव्हे, खरंच विचारत होत्या.

निरोप समारंभ ठरला. तोही पॉटलकचा. काकूंनी आपला तो रस्सा आणावा, असा शेठजींच्या मुलाचा निरोप आला.

“बिदाईच्या दिवशी पोरगीच चुलीपाशी बसते का?” काकू एवढंच म्हणाल्या.

त्या आल्याच नाहीत. टेबलावर हार होता, शेठजी भाषण तयार करून आले होते, आणि काकूंचा फोन लागत नव्हता. शेवटी शेठजींनी रिकाम्या खुर्चीकडे बघत भाषण केलं. परिवारातलं माणूस दूर चाललं म्हणताना त्यांनी डोळ्यांना रुमालही लावला. मग ते गाडीत बसून गेले. आम्ही झाकणं उघडलीच नाहीत. डबे उचलले आणि चालत काकूंच्या घरी निघालो. शेडमधल्या बायाही आल्या.

काकू अंगणात केस वाळवत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठायला लागल्या, तशी एकीने खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं. पुढ्यात ताट ठेवून आम्ही झुणका, पोळ्या, भात, भरीत, जे होतं ते वाढलं. काकू जेवू लागल्या. मध्येच थांबल्या, पदराने डोळे पुसले आणि भरीत फार तिखट झालं म्हणाल्या.

भरीत मी केलं होतं. घाईत त्यात मिरची घालायचीच राहून गेली होती.