वाढत्या अंगाची सायकल

आमच्या घरात मुलांसाठी काहीही अगदी मापाचं घेतलं जात नसे. फ्रॉकची खालची पट्टी चार बोटं दुमडून शिवलेली असायची, नव्या बुटांच्या टोकाला कापूस असायचा आणि स्वेटरच्या बाह्या पहिली दोन वर्षं मनगटावर गुंडाळलेल्या. "वाढत्या अंगाचं बघा हं," आई दुकानात शिरता शिरताच सांगायची. मी सहावीत गेले तेव्हा बाबांनी मला सायकल घेतली, तीही याच हिशेबाने. दुकानातल्या सगळ्यात उंच लेडीज सायकलच्या सीटवर हात ठेवून ते म्हणाले, "ही द्या. पोरगी कॉलेजात जाईपर्यंत पुरली पाहिजे."

बाबा सिन्नरकडच्या एका खेड्यातले. शाळेसाठी रोज दुसऱ्या गावाला अनवाणी चालत गेलेले. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं आणि आता ही काळी, चकाकती, बावीस इंची सायकल. कॉलनीतून ती घरी आणताना ते तिच्यावर बसले नाहीत. हाताने धरून, सगळ्यांना दिसेल अशी, हळूहळू आणली.

शाळा पायी जाण्यासारखी होती, त्यामुळे सायकल जिन्याखाली उभी राहिली. मला तिच्यासाठी वाढायचं होतं. फ्रॉकच्या पट्ट्या उसवल्या, बुटांतला कापूस निघाला, आणि मग एका वर्षी दाराच्या चौकटीवरची पेन्सिलची खूण आदल्या वर्षीच्या खुणेवरच पडली. चार फूट सात इंच. आईने दूध वाढवलं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, लटकायला लावा, त्यांची पुतणी लटकून लटकून दोन इंच वाढली होती. मग मी रोज संध्याकाळी गच्चीच्या जिन्यातल्या लोखंडी गजाला लटकायचे. हाताला गंजाचा वास यायचा. उंची वाढली नाही.

बारावीनंतर मला सायन्सच्या पदवीला जायचं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, पण मला प्रयोगशाळा आवडायची. तिथे बोलावं लागत नाही, बघावं लागतं, आणि बघणं मला जमत होतं. मायक्रोस्कोपखाली कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी इतका वेळ वाकून राहिले की मागच्या मुलीने माझी वेणी ओढली. गंगापूर रोडच्या बाजूच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. प्रॅक्टिकल सकाळी सातला. आम्ही नाशकात द्वारका चौकाच्या पलीकडे राहायचो आणि तिथून सातच्या आत पोहोचवणारी बस नव्हती.

"बस कशाला हवी?" बाबा म्हणाले. "सायकल आहे ना!" इतकी वर्षं ते याच वाक्याची वाट बघत असावेत, असं मला वाटलं.

सीट अगदी खाली आणली तरी पायडल खालच्या टोकाला गेलं की माझा पाय सुटायचा. मग त्या बाजूला घसरावं लागायचं, लगेच दुसऱ्या बाजूला. द्वारकेपासून शालिमारपर्यंत मी अशी डावी-उजवीकडे घसरत जायचे. हँडल इतकं पुढे होतं की पाठ ताठ करता यायची नाही, आणि ब्रेकपर्यंत फक्त मधलं बोट पोहोचायचं. पण खरी भीती थांबण्याची होती. पाय जमिनीला लागायचाच नाही. थांबायचं तर शेजारी काहीतरी उंच हवं. एखाद्या दुकानाची पायरी, फूटपाथची कड, पाराचा कठडा. नाशिक शहर मला त्या वर्षी असंच दिसायचं, कुठे पाय टेकता येईल आणि कुठे नाही. द्वारकेच्या चौकात काहीच नव्हतं. तिथे विंचूरकडून आलेले कांद्याचे ट्रक वळायचे, आणि मी अलीकडेच उतरून सायकल हाताने पलीकडे न्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात बसण्याच्या जागी जखम झाली. हे कुणाला कसं सांगायचं ते मला कळेना. शाळेतल्या इंग्रजीत असल्या गोष्टींना शब्द नव्हते आणि घरातल्या मराठीत ते असले तरी उच्चारायचे नव्हते. शेवटी आईला नुसतं "दुखतं" म्हणाले. तिने कुठे ते विचारलं नाही. खोबरेल तेलाची वाटी न्हाणीघरात ठेवून दिली आणि म्हणाली, "सवय होईल."

बाबा मला सायकलच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने सीट हलवून पाहिली.

"साहेब, आता याच्या खाली फक्त चाकच आहे."

"मग दुसरं काही करता येईल?"

"पायडलला लाकडी ठोकळे ठोकून देतो. पण ते लहान पोरांसाठी असतात." त्याने माझ्याकडे वरपासून खाली पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही. "ताई किती वर्षांच्या?"

"कॉलेजात आहे," बाबा म्हणाले.

"अरे वा. मग आता काय, लग्नातच उंच टाचा घालायच्या." तो हसला आणि बाबाही भिडेखातर हसले. "याच्याहून लहान म्हणजे पोरांची सायकल. तिच्यावर बसल्या तर गुडघे हनुवटीला लागतील. मधलं माप येत नाही आपल्याकडे."

ठोकळे बसवले. त्यांच्यामुळे पाय पोहोचायला लागला, पण ओल्या चपलेखाली ठोकळा निसटायचा, आणि एकदा सीबीएस बसस्टँडजवळ निसटला तेव्हा मी सायकलसकट एका उभ्या टांग्यावर गेले. टांगेवाला घोड्याला म्हणाला, "घाबरू नको राजा, छोटी बाई हाय." त्यानंतर अर्धा रस्ता मी सायकल हाताने ढकलत नेऊ लागले. ढकलत नेणाऱ्या मुलीला लोक एकच प्रश्न विचारतात.

"पंक्चर झाली का गं?"

मी मान हलवायचे. ते सोपं होतं. पण एक दूधवाला काका रोज समोरून यायचा. एक दिवस कॅन लावलेली सायकल भिंतीला टेकवून तो आलाच.

"रोज कशी गं पंक्चर होती तुझी? बघू." त्याने दोन्ही टायर अंगठ्याने दाबले. "लय टाइट हाय की हवा! पोरी, हिला काय बी झालेलं नाय."

तो थोडा वेळ वाट बघून म्हणाला, "बोलत नाय का तू?" आणि निघून गेला.

मी पोहोचायचे सव्वासातला, कधी साडेसातला. प्रॅक्टिकलचे सर सात वाजून पाच मिनिटांनी दार लावायचे. खिडकीतून मला माझ्या टेबलाची जागा दिसायची. मायक्रोस्कोपवर कापडी टोपी तशीच असायची, कारण ती काढायला मी आत नसायचे. हजेरी भरली नाही तर टर्म मिळत नसे, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. सर एकदा बाहेर आले आणि इंग्रजीत म्हणाले की ज्यांना विषयाची आवड नाही त्यांनी दुसऱ्याची जागा अडवू नये. इंग्रजी माझं चांगलं होतं. शब्द न् शब्द कळला.

माझ्या वर्गात एका सरकारी इंजिनिअरची मुलगी होती. तिचे वडील जपानला प्रशिक्षणाला गेले होते आणि येताना तिच्या आईसाठी एक सायकल घेऊन आले होते. चाकं लहान, मधली नळी गुडघ्याखाली, हँडल आपल्याकडे वळलेलं. एका दुपारी ती म्हणाली, "बसून तर बघ गं." मी बसले. मैदानाला एक फेरी मारली. पाठ सरळ होती, कुठे काही दुखत नव्हतं, दोन्ही ब्रेक मुठीत होते. मग मी मुद्दाम, मैदानाच्या अगदी मधोमध, जिथे टेकायला काहीही नव्हतं तिथे थांबले. दोन्ही पाय मातीवर. मी तशीच बसून राहिले.

"उतर की आता," मैत्रीण लांबून ओरडली.

त्याआधी माझी समजूत होती की दोष माझ्या अंगात आहे.

दिवाळीनंतर तिच्या वडिलांची बदली झाली आणि घरातलं जड सामान ते विकणार होते. सायकलसुद्धा. तिने सगळ्यात आधी मला विचारलं. तीन दिवस मी बाबांना सांगायचं वाक्य जुळवत होते. बाबांनी ऐकून घेतलं आणि रविवारी माझ्याबरोबर आलेसुद्धा. अंगणात ती सायकल पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. किमतीचं त्यांनी विचारलंच नाही.

"ही? ही तर लहान पोरांची दिसते."

"नाही काका, आई चालवायची," मैत्रीण म्हणाली.

"छान आहे," बाबा म्हणाले. परत येताना ते दोन पावलं पुढे चालत राहिले. मग, माझ्याकडे न बघता, "अशी खेळण्यातली सायकल घेऊन कॉलेजात गेलीस तर लोक काय म्हणतील? आपल्याकडे इतकी चांगली सायकल आहे. पोरींना मिळत नाही तशी." पुढच्या वळणावर म्हणाले, "थोडी जिद्द धर, बाळ."

मी जिद्द धरली असती. कशाला धरायची तेवढं कळत नव्हतं.

फेब्रुवारीत फळ्यावर टर्म न मिळालेल्यांची नावं लागली. संध्याकाळी बाबा जिन्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. असे ते कधी बसत नसत. खाली, पायऱ्यांच्या आडोशाला, सायकल होती. ठोकळे दोन्ही बाजूंनी झिजलेले.

"बाळ, खरं सांग. अभ्यास जड जातोय का? जात असेल तर जातोय म्हण. मी रागावणार नाही."

माझ्याकडे उत्तर तयार होतं, अगदी साध्या मराठीत. सायकल मला बसत नाही, पहिल्या दिवसापासून बसली नाही. पण ते माझ्याकडे पाहत होते आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती. अभ्यासाच्या बाबतीत माझं काही चुकलं असेल तर ते त्यांना सोसणार होतं. त्यांचं काही चुकलं असेल, तर ते सोसलं असतं असं मला वाटत नाही.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी श्वास सोडला. खरंच मोकळे झाले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचं? सायन्स काय, सगळ्यांना झेपतं असं नाही."

जूनमध्ये घराजवळच्या कॉलेजात आर्ट्सला माझं नाव घातलं. पायी जाता यायचं. आता शिक्षण संपून चार वर्षं झाली. पाहुणे आले की बाबा सांगतात, सायन्सला घातली होती हो, पण तिला झेपलं नाही. इंग्लिश मात्र फर्स्ट क्लास आहे. पाहुणे माझ्याकडे पाहून मान हलवतात आणि मी चहाचे कप गोळा करून आत जाते.